रने लेनेक

रने तेओफील यासेंत लेनेक (१७ फेब्रुवारी १७८१ – १३ ऑगस्ट १८२६) हे फ्रेंच वैद्य, विकृतिशास्त्रज्ञ आणि स्टेथोस्कोपचे जनक होते. छातीतील आवाज ऐकून हृदय व फुफ्फुसे यांच्या विकारांचे निदान करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत त्यांनी घालून दिली. श्वसनाचा त्रास असलेल्या रुग्णाची तपासणी करताना आज डॉक्टर आणि परिचारिका ज्या श्रवणपरीक्षेचा अवलंब करतात, तिचा पाया त्यांच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. क्षयरोगाच्या अभ्यासात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला आणि त्याच रोगाने वयाच्या ४५व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

बालपण

लेनेक यांचा जन्म फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतात कँपेर या गावी झाला. वडील तेओफील-मारी हे वकील होते. त्यांना काव्यरचनेची हौस होती. मात्र संसाराकडे आणि पैशाच्या व्यवहाराकडे त्यांचे लक्ष बेताचेच असे. रने पाच वर्षांचे असताना आई निवर्तली. तिला क्षय झाला असावा, असे चरित्रकार मानतात. पुढे मुलांना नांत येथे काका गियोम लेनेक यांच्याकडे पाठविण्यात आले. गियोम हे त्या शहरातील नामांकित वैद्य होते. रने यांच्या आयुष्याला वळण लागले ते या काकांच्या घरी.

तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. नांतमध्ये १७९३-९४ या काळात दहशतीच्या राजवटीने भीषण रूप धारण केले. शेकडो कैद्यांना ल्वार नदीत बुडविण्यात आले आणि शहरातील चौकात गिलोटिन उभे राहिले. काकांचे घर त्याच चौकालगत होते. अशा वातावरणात वयाच्या चौदाव्या वर्षी रने काकांच्या हाताखाली रुग्णालयात काम शिकू लागले. जखमा बांधणे, रुग्णांच्या खाटेशी बसणे, मृतांचे विच्छेदन पाहणे यांतून त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. याच सुमारास त्यांनी ग्रीक व लॅटिन भाषांचा व्यासंग केला आणि ते बासरी वाजविण्यास शिकले. बासरीचा उल्लेख त्यांच्या बहुतेक चरित्रांत येतो. नळीतून जाणारी हवा आणि तिचा स्वर यांच्याशी ज्याची लहानपणापासून ओळख आहे, त्याला पुढे नळीचीच कल्पना सुचावी, हे सयुक्तिक वाटते. तरी तो केवळ तर्क होय.

पॅरिसमधील शिक्षण

१८०१ मध्ये लेनेक पॅरिसला आले. हाती पैसा नव्हता. वडिलांना पैशांसाठी वारंवार पत्रे लिहावी लागत. शारिते रुग्णालयात त्यांना झां-निकोला कॉर्व्हिझार हे गुरू लाभले. कॉर्व्हिझार हे नेपोलियनचे वैद्य. हृदयविकारांचे ते मोठे जाणकार होते. गास्पार बेल हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी व मित्र. १८०३ मध्ये लेनेक यांनी वैद्यक व शल्यक्रिया या दोन्ही विषयांतील पारितोषिके मिळविली आणि १८०४ मध्ये हिपॉक्रेटिसच्या वैद्यकविचारावर प्रबंध लिहून पदवी संपादन केली.

कॉर्व्हिझार यांच्याकडून लेनेक जी विद्या शिकले, तिला ताडनपरीक्षा म्हणतात. व्हिएन्ना येथील वैद्य लेओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये ती मांडली होती. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो आणि आवाजावरून त्याचा पक्केपणा ओळखतो. औएनब्रुगर यांनी छातीवर तोच प्रयोग केला. हवेने भरलेले फुफ्फुस पोकळ वाजते; पाणी साचलेले किंवा घट्ट झालेले फुफ्फुस बद्द वाजते. औएनब्रुगर हे खानावळवाल्याचे पुत्र होते, त्यामुळे ही युक्ती त्यांना दारूची पिंपे वाजवून पाहण्यावरून सुचली, असे सांगितले जाते. त्यांच्या पुस्तकाकडे जवळजवळ चाळीस वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. कॉर्व्हिझार यांनी १८०८ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर सिद्ध केले, तेव्हा ते वैद्यकविश्वाला खऱ्या अर्थाने परिचित झाले.

त्या काळी फुफ्फुसात काय बिघडले आहे याचे निश्चित ज्ञान बहुधा रुग्णाच्या मृत्यूनंतर, शवविच्छेदनाच्या मेजावरच होत असे. जिवंत रुग्णाच्या बाबतीत वैद्य नाडी पाहत, जीभ पाहत, खोकला ऐकत, थुंकी तपासत आणि रुग्णाची हकीकत विचारत. दम लागणे हे एकच लक्षण असे. त्यामागे न्यूमोनिया आहे, छातीत पाणी आहे, क्षय आहे की हृदयाचा विकार आहे, हे वेगळे काढता येत नसे. लेनेक यांच्या पुढील सर्व कार्याचा रोख या एका अडचणीवर आहे.

पदवीनंतरची काही वर्षे त्यांनी खाजगी व्यवसाय, अध्यापन आणि विच्छेदन यांत घालविली. १८१० मध्ये त्यांचा भाऊ मिशो क्षयाने वारला. १८१४ मध्ये नेपोलियनच्या पराभवाच्या सुमारास पॅरिसची रुग्णालये जखमी सैनिकांनी भरून गेली. त्यांत ब्रिटनीचे अनेक तरुण होते. त्यांना फ्रेंच येत नव्हते आणि आपले दुखणे सांगण्याची सोय नव्हती. लेनेक यांना ब्रेतों भाषा येत होती. त्यांनी या सैनिकांची शुश्रूषा त्यांच्याच भाषेत केली.

नळीचा शोध

१८१६ मध्ये लेनेक यांची पॅरिसमधील नेकर रुग्णालयात वैद्य म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्यांच्याकडे आली. शरीर स्थूल असल्यामुळे ताडनपरीक्षेचा उपयोग होईना. छातीला थेट कान लावण्याची रीत हिपॉक्रेटिसच्या काळापासून ज्ञात होती. परंतु रुग्णाचे वय व स्त्रीत्व पाहता ती वापरणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. तेव्हा ध्वनिशास्त्रातील एक परिचित गोष्ट त्यांना आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरडले असता दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी कागदांची एक वही घट्ट गुंडाळली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. थेट कान लावून कधी ऐकू आले नव्हते इतक्या स्पष्टपणे हृदयाचे ठोके ऐकू आले.

लूव्र राजवाड्याच्या अंगणात मुले लाकडी वाशांशी खेळत असताना लेनेक यांना ही कल्पना सुचली, अशी कथा शालेय पुस्तकांतून आढळते. लेनेक यांनी स्वतः मात्र आपल्या ग्रंथात फक्त ध्वनिशास्त्रातील त्या गोष्टीचा उल्लेख केला आहे. कथा गोड आहे, पण तिच्यामुळे मुख्य गोष्ट झाकली जाते. गुंडाळलेली वही हा एका क्षणाचा शोध होता. त्या वहीतून जे ऐकू आले त्याचा अर्थ लावण्यास पुढे तीन वर्षे लागली.

निरनिराळ्या पदार्थांच्या नळ्या करून लेनेक यांनी प्रयोग केले. फार घन किंवा फार हलके पदार्थ निरुपयोगी ठरले. हलके लाकूड उत्तम ठरले. सुतारकामाची आवड असल्यामुळे लाकूड कातण्याच्या चरकावर ते या नळ्या स्वतःच तयार करीत. त्यांचा स्टेथोस्कोप म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा, मधोमध बारीक आरपार छिद्र असलेला आणि दोन भागांत उलगडणारा लाकडी दंडगोल होता. त्याच्या एका टोकाला नरसाळ्यासारखी पोकळी असून तीत बसणारे एक बूच असे. फुफ्फुसे ऐकताना बूच काढावयाचे आणि हृदय ऐकताना ते लावावयाचे, असा त्याचा वापर होता. लेनेक त्याला बहुधा नुसता दंडगोलच म्हणत. स्टेथोस्कोप हे नाव छाती व पाहणे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनीच दिले. ऐकण्याच्या साधनाला पाहण्याचे नाव मिळाले, हे भाषेच्या अभ्यासकाला गमतीचे वाटेल. परंतु लेनेक यांचा हेतू खरोखरच बंद छातीच्या आत पाहण्याचा होता.

श्रवणाचे शास्त्र

नेकर रुग्णालयात लेनेक प्रत्येक रुग्णाची छाती वारंवार ऐकत आणि ऐकलेल्या आवाजांची तपशीलवार नोंद ठेवीत. रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून नोंदलेला आवाज आणि फुफ्फुसाची प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ घालीत. या परिश्रमांचे फळ म्हणजे १८१९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेला मध्यस्थ श्रवणपरीक्षेवरील ग्रंथ होय. कान आणि छाती यांच्यामध्ये साधन असते, म्हणून मध्यस्थ.

या आवाजांना नावे नव्हती. ती लेनेक यांना घडवावी लागली. नावे पुरी पडेनात तेथे त्यांनी रोजच्या जीवनातील उपमा योजल्या. न्यूमोनियाच्या आरंभी श्वास आत घेताना जो बारीक आवाज येतो, त्याला त्यांनी तापलेल्या भांड्यात तडतडणाऱ्या मिठाची उपमा दिली. न्यूमोनिया वाढला आणि फुफ्फुस घट्ट झाले की हा आवाज नाहीसा होतो. रुग्ण बरा होऊ लागला की तो पुन्हा ऐकू येतो. म्हणजे एकच आवाज आरंभी संकटाची आणि नंतर सुटकेची खूण ठरतो. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतील जाड आवाजाची तुलना त्यांनी पारव्याच्या घुमण्याशी केली, तर बारीक आवाजाची पक्ष्यांच्या किलबिलाटाशी. छातीत पाणी साचलेल्या रुग्णाला बोलावयास लावले असता त्याचा आवाज शेळीच्या बेंबें ओरडण्यासारखा थरथरत येतो, हेही त्यांनी टिपले. क्षयामुळे फुफ्फुसात पोकळी झाली असेल तर रुग्णाचे शब्द छातीतूनच उच्चारले जात असल्यासारखे नळीतून कानी पडतात. या खुणेला त्यांनी विशेष महत्त्व दिले.

या नामकरणातील एक प्रसंग मराठी वाचकाला सहज उमगेल. श्वासातील विकृत आवाजांसाठी लेनेक यांनी प्रथम जो फ्रेंच शब्द निवडला, तो लोकव्यवहारात मरणासन्न माणसाच्या घशातील आवाजासाठी वापरला जात असे. आपल्याकडेही एखाद्याला घरघर लागली असे म्हटले की ऐकणारा मनात समजून जातो. रुग्णाच्या खाटेशी विद्यार्थ्यांना शिकवताना हा शब्द उच्चारला तर रुग्ण घाबरतो, हे लेनेक यांच्या लक्षात आले. म्हणून रुग्णासमोर ते त्याच अर्थाचा लॅटिन शब्द वापरू लागले. दोन्ही शब्द पुढे वैद्यकात रूढ झाले आणि नंतरच्या पिढ्यांनी त्यांना दोन वेगळे अर्थ चिकटवले. त्यातून झालेला गोंधळ विसाव्या शतकापर्यंत चालू होता.

लेनेक यांनी ब्राँकिएक्टॅसिस, एम्फिसीमा, फुफ्फुसातील सूज, फुफ्फुसावरणात हवा शिरणे इत्यादी विकारांची लक्षणे एकमेकांपासून वेगळी केली. यकृताच्या एका विकाराला त्याच्या पिंगट रंगावरून सिऱ्होसिस हे नाव त्यांनीच दिले. क्षयरोगाबाबत त्यांचे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. बेल यांनी क्षयाचे सहा प्रकार मानले होते. शरीरात निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या रूपांत आढळणाऱ्या गाठी या एकाच रोगाच्या अवस्था आहेत, असे लेनेक यांनी मांडले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला आणि लेनेक यांचे म्हणणे सिद्ध झाले.

पण त्याच शोधाने त्यांचे दुसरे मत खोटे ठरविले. क्षय संसर्गजन्य आहे, हे लेनेक यांना मान्य नव्हते. दीर्घकाळचे दुःख व मानसिक क्लेश ही त्याची मोठी कारणे आहेत, असे ते मानीत. विच्छेदन करताना क्षयग्रस्त हाड कापतेवेळी त्यांच्या बोटाला करवत लागली होती आणि तेथे गाठही उठली होती. ती बरी झाल्यावर त्यांनी तिला फारसे महत्त्व दिले नाही. हृदयाच्या दुसऱ्या ध्वनीचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरणही पुढे चुकीचे ठरले. त्यांचे उपचार तर त्या काळाच्या मर्यादेतच राहिले. क्षयाच्या रुग्णांना समुद्रकाठची हवा लाभावी म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या दालनात समुद्रशेवाळ आणून ठेवल्याची नोंद आहे. रोग नेमका ओळखता येऊ लागला. तो बरा करण्याचे औषध मिळण्यास मात्र आणखी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

स्वागत आणि विरोध

नव्या पद्धतीला विरोधही झाला. तत्कालीन प्रभावी वैद्य फ्रान्स्वा ब्रुसे हे बहुतेक सर्व रोगांचे मूळ दाहात पाहत आणि जळवा लावणे हा त्यांचा मुख्य उपाय होता. त्यांनी लेनेक यांच्यावर कठोर टीका केली आणि लेनेक यांनीही तितक्याच तिखटपणे उत्तरे दिली. इंग्लंडमध्ये जॉन फोर्ब्ज यांनी १८२१ मध्ये ग्रंथाचे भाषांतर केले. परंतु हे वेळखाऊ साधन सर्वत्र वापरात येईल याविषयी खुद्द भाषांतरकारालाच शंका होती. तरीही देशोदेशींचे तरुण वैद्य पॅरिसला येऊन लेनेक यांच्याकडे श्रवणपरीक्षा शिकू लागले. थॉमस हॉजकिन हे त्यांपैकी एक होत.

लेनेक हे राजनिष्ठ आणि श्रद्धाळू कॅथलिक होते. १८२२ मध्ये ते कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेची १८२३ मध्ये पुनर्रचना झाली, तेव्हा उदारमतवादी प्राध्यापकांना दूर करण्यात आले आणि लेनेक यांना शारितेमधील अध्यासन मिळाले. यामुळे अनेक विद्यार्थ्यांच्या मनात त्यांच्याविषयी अढी बसली. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका नसली, तरी हे पद राजकृपेने आले हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

अखेरची वर्षे

ग्रंथ पूर्ण होताच १८१९ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि ते ब्रिटनीतील केर्लुआर्नेक येथील आपल्या घरी परतले. शेती, झाडे आणि मोकळी हवा यांत सुमारे दोन वर्षे काढल्यावर ते पुन्हा पॅरिसला आले. डिसेंबर १८२४ मध्ये त्यांनी जाकेत आर्गू या विधवेशी विवाह केला; त्यांना अपत्य झाले नाही. ग्रंथाची दुसरी, बव्हंशी नव्याने लिहिलेली आवृत्ती १८२६ मध्ये निघाली. तिच्या कामाने त्यांची उरलीसुरली शक्ती संपली. ताप, खोकला आणि धाप वाढत गेली.

स्वतःची छाती स्वतःला नीट ऐकता येत नाही. लेनेक यांनी आपला पुतण्या मेरियादेक याला स्टेथोस्कोप लावावयास सांगितले आणि जे ऐकू येईल त्याचे वर्णन करण्यास सांगितले. मेरियादेकही वैद्य होता आणि काकांच्याच हाताखाली तयार झाला होता. त्याने वर्णन केलेल्या आवाजांचा अर्थ लेनेक यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. ती क्षयाची चिन्हे होती.

१८२६ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी पॅरिस कायमचे सोडले. केर्लुआर्नेक येथे १३ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या घटकेस त्यांनी बोटांतील अंगठ्या स्वतःच काढून मेजावर ठेवल्या. हे काम लवकरच दुसऱ्या कोणाला करावे लागले असते, ते त्यांना टाळावयाचे होते, असे सांगितले जाते. प्लोआरे येथील दफनभूमीत त्यांचे दफन झाले. मृत्युपत्रान्वये कागदपत्रे, घड्याळ व अंगठी यांबरोबर आपला स्टेथोस्कोप त्यांनी मेरियादेकला दिला आणि या वारशात तीच सर्वांत मोलाची वस्तू असल्याचे नमूद केले.

श्वसनपरीक्षा आणि परिचर्या

दोन्ही कानांना लावावयाचा स्टेथोस्कोप १८५० नंतर प्रचारात आला. तरी तो दीर्घकाळ डॉक्टरांचेच साधन मानला जाई. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. पण परिचारिकेच्या हाती स्टेथोस्कोप नित्याचा झाला तो विसाव्या शतकात. आज परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना श्वसनपरीक्षेचा जो क्रम शिकवतात, त्यात औएनब्रुगर आणि लेनेक या दोघांचाही वाटा दिसतो: आधी पाहणे, मग हाताने चाचपणे, मग ताडन आणि शेवटी श्रवण.

पाहण्यात पुष्कळ काही येते. रुग्ण आडवा झोपू शकतो की पुढे वाकून बसतो, मानेचे स्नायू ताणले जातात काय, एक वाक्य तो एका दमात पुरे करतो काय, ओठ व नखे निळसर आहेत काय, हे प्रथम टिपले जाते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावयाचे असतात आणि तेही रुग्णाच्या नकळत, कारण कोणी मोजत आहे हे कळले की श्वासाची गती बदलते. म्हणून अनुभवी परिचारिका मनगटावरील नाडी धरून ठेवते आणि नजर छातीवर ठेवते. प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी ही संख्या मिनिटाला साधारण १२ ते २० असते. श्रवणासाठी रुग्णाला शक्य तर बसवतात, तोंडाने सावकाश दीर्घ श्वास घ्यावयास सांगतात आणि स्टेथोस्कोप कपड्यावरून न लावता उघड्या त्वचेवर ठेवतात. वरून खाली जाताना डाव्या व उजव्या बाजूंच्या समान जागांची तुलना करतात. ही तुलना लेनेक यांच्याही पद्धतीचा भाग होती. दम्याचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाच्या छातीतील शिट्टीसारखा आवाज अचानक थांबला आणि धाप तशीच राहिली, तर ते सुधारणेचे लक्षण नव्हे; हवाच आत-बाहेर जाईनाशी झाली आहे असा त्याचा अर्थ असू शकतो आणि तातडीने डॉक्टरांना बोलवावे लागते.

स्टेथोस्कोप हवेची ये-जा सांगतो. रक्तात ऑक्सिजन किती पोहोचला हे त्याला सांगता येत नाही. ओठांचा निळेपणा ही त्याची खूण खरी, परंतु ती उशिरा दिसते आणि रक्तक्षय असलेल्या रुग्णात कधी दिसतही नाही. ही उणीव बोटाला लावावयाच्या पल्स ऑक्सिमीटरने भरून काढली. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी त्याचे तत्त्व १९७०च्या दशकात विकसित केले. मात्र ऑक्सिमीटरवरील आकडा कमी का झाला, याचे उत्तर शोधण्यासाठी परिचारिकेला पुन्हा छातीकडेच वळावे लागते.

कँपेर येथे लेनेक यांचा पुतळा १८६८ मध्ये उभारण्यात आला. ज्या नेकर रुग्णालयात त्यांनी हा शोध लावला, ते पॅरिसमध्ये आजही कार्यरत आहे.